हिरडीतला मिनी स्क्रू: पुढचे दात मागे नेताना दाढा जागेवर कशा ठेवतात

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. वय २६. वरचे दात पुढे आलेले, ओठ सहज मिटत नाहीत. वरच्या दोन उपदाढा (सुळे आणि दाढा यांच्यामधले दात) काढून तारा लावायच्या असं डॉक्टरांनी ठरवलंय आणि सोबत दोन्ही बाजूंना हिरडीत एकेक मिनी स्क्रू बसवायला सांगितलाय. मैत्रिणीच्याही उपदाढा काढल्या होत्या, पण तिला स्क्रू लागला नव्हता. मावसभावाचा स्क्रू मात्र दोनदा सैल होऊन निघाला. म्हणून तुम्ही विचारताय की स्क्रू खरंच हवा का, दाताच्या मुळाला लागला तर काय, सैल झाला तर काय, आणि शेवटी काढताना पुन्हा भूल घ्यावी लागते का.

मी गेली २० वर्षं तारांचे उपचार करते आणि यातले बरेचसे स्क्रू स्वतःच्या हाताने लावते. सविस्तर लिहिते, कारण या विषयात अर्धवट माहितीने लोक एकतर उगाच घाबरतात, नाहीतर स्क्रूकडून नको तेवढी अपेक्षा ठेवतात.

आधी स्क्रू कशासाठी ते समजून घ्या. उपदाढ काढल्यावर साधारण ७ मिलिमीटरची फट तयार होते. ती बंद करायला पुढचे सहा दात आणि मागच्या दाढा यांच्यामध्ये स्प्रिंग किंवा इलॅस्टिकची साखळी लावतात. आता ही सरळसरळ रस्सीखेच झाली. दाढा जेवढ्या जोराने पुढच्या दातांना मागे ओढतात, तेवढ्याच जोराने पुढचे दात दाढांना पुढे ओढतात. वरच्या दाढेला तीन मुळं असतात, ती हाडात घट्ट रुतलेली असते, म्हणून ती हळू सरकते, पण सरकतेच. ७ पैकी अडीच-तीन मिलिमीटर दाढांनीच खाल्ले तर पुढचे दात चार-साडेचार मिलिमीटरच मागे जाणार. ज्यांचे ओठ मिटत नाहीत त्यांच्यासाठी हा फरक मोठा असतो. फट बंद होते, दात सरळ दिसतात, पण बाजूने पाहिलं तर चेहरा होता तसाच. आणि उपदाढा तर काढून झालेल्या असतात.

दाढांनी पुढे येऊ नये यासाठी जी तजवीज करतात तिला आमच्याकडे अँकरेज म्हणतात. पूर्वी त्यासाठी डोक्याला पट्टा बांधून बाहेरून ओढ देणारं हेडगिअर असायचं. ते रोज १२ ते १४ तास घालावं लागायचं. शाळकरी मुलंच ते नेमाने घालत नसत, तर नोकरी करणाऱ्या माणसाकडून काय अपेक्षा करणार? टाळूवरून दोन दाढांना जोडणारी जाड वायर अजूनही वापरतात. ती दाढांचं सरकणं कमी करते, थांबवत नाही. स्क्रूने मात्र रस्सीखेचीतला दुसरा गडीच बाजूला केला. दोरीचं मागचं टोक दाढेऐवजी थेट हाडाला बांधलं, की दाढेवर ओढ येतच नाही.

त्यामुळे एक गोष्ट नीट लक्षात घ्या: स्क्रू दात हलवत नाही. तो नुसता एका जागी उभा राहतो. दात कुठे जातील हे ओढ कोणत्या उंचीवरून, कोणत्या दिशेने आणि किती जोराची आहे त्यावर ठरतं. याकडे मी पुढे परत येते, कारण माझ्या मते तुमच्या डॉक्टरांना विचारायचा खरा प्रश्न तिथेच आहे.

मैत्रिणीला स्क्रू का लागला नाही याचं उत्तरही यातच आलं. उपदाढा काढण्याची कारणं वेगवेगळी असतात. दातांची गर्दी असेल, सुळे बाहेर फेकले गेले असतील, तर काढलेल्या दाताची जागा गर्दी सोडवण्यातच संपते आणि दाढा थोड्या पुढे आल्या तरी बिघडत नाही. काही वेळा तर दाढा पुढे यायलाच हव्या असतात. तुमच्या बाबतीत दात ओळीत आहेत आणि पूर्ण जागा पुढचे दात मागे नेण्यासाठी हवी आहे. पाठवलेल्या वर्णनावरून मला तरी तुमच्या डॉक्टरांचा सल्ला योग्य वाटतो. तुमचे एक्स-रे आणि मोजमापं त्यांच्याकडे आहेत, शेवटचा शब्द त्यांचाच.

ही कल्पना नवी नाही. १९४५ साली गेन्सफोर्थ आणि हिगली यांनी कुत्र्यांच्या जबड्यात व्हायटॅलियम धातूचे स्क्रू बसवून दात ओढून पाहिले. सगळे स्क्रू महिनाभरातच निघाले आणि कल्पना बरीच वर्षं बाजूला पडली. मधल्या काळात स्वीडनमध्ये ब्रोनेमार्क यांनी टायटॅनियम हाडाशी एकजीव होतं हे दाखवलं आणि १९६५ मध्ये पहिल्या रुग्णाला दातांचे इम्प्लांट, म्हणजे हाडात बसवायची कृत्रिम मुळं, बसवले. १९८३ मध्ये क्रीकमोर आणि एक्लंड यांनी एका रुग्णाच्या नाकाच्या तळाशी असलेल्या हाडात स्क्रू लावून वरचे पुढचे दात सुमारे ६ मिलिमीटर वर उचलले. त्यानंतर १९९७ मध्ये जपानच्या कानोमी यांनी जेमतेम १.२ मिलिमीटर जाडीचा स्क्रू वापरला, आणि दोन मुळांच्या मधल्या अरुंद जागेत स्क्रू बसू शकतो हे सगळ्यांच्या लक्षात आलं. तुम्हाला जो लावणार आहेत तो त्याच जातीचा. जाडी दीड मिलिमीटरच्या आसपास आणि लांबी ६ ते ८ मिलिमीटर.

नेहमीच्या दंत इम्प्लांटशी याची गल्लत करू नका. ते इम्प्लांट हाडाशी एकजीव व्हावं म्हणून त्याचा पृष्ठभाग मुद्दाम खरखरीत करतात. आपला स्क्रू गुळगुळीत ठेवतात, कारण तो काम झाल्यावर काढायचा असतो. शुद्ध टायटॅनियम इतक्या कमी जाडीत पुरेसं मजबूत राहत नाही, म्हणून त्यात ॲल्युमिनियम आणि व्हॅनेडियम मिसळलेला मिश्रधातू वापरतात. हा स्क्रू टिकतो तो मुख्यतः हाडाच्या बाहेरच्या कडक थरात आटे रुतल्यामुळे. हा थर साधारण एक मिलिमीटर किंवा त्याहून जाड असला तर पकड चांगली मिळते. म्हणून लांब स्क्रू म्हणजे जास्त घट्ट असं समजू नका. आतलं हाड स्पंजासारखं सच्छिद्र असतं, तिथे लांबीचा फारसा उपयोग होत नाही.

आता तुमची सगळ्यात मोठी भीती, मुळाला लागण्याची. भीती निराधार नाही. वरच्या दुसऱ्या उपदाढेच्या आणि पहिल्या दाढेच्या मधली जागा आम्ही सगळ्यात जास्त वापरतो, कारण तिथे मुळांमध्ये अंतर बरं मिळतं. दीड मिलिमीटरचा स्क्रू आणि दोन्ही बाजूंना किमान एकेक मिलिमीटर मोकळं हाड, म्हणजे साडेतीन मिलिमीटर तरी हवेत. मुळं वर निमुळती होत जातात, त्यामुळे जितकं वर जावं तितकी जागा जास्त. पण वर गेलं की घट्ट गुलाबी हिरडी संपते आणि गालाकडची हलणारी, लालसर, सैल त्वचा सुरू होते. त्या सैल त्वचेत स्क्रू लावला तर बोलताना, चावताना ती त्याच्यावर घासत राहते, सुजते आणि हळूहळू स्क्रूच्या डोक्यावर चढते. म्हणजे मुळांसाठी वर जावंसं वाटतं आणि हिरडीसाठी खाली यावंसं वाटतं. स्क्रू लावणाऱ्याचं निम्मं कौशल्य या दोन-तीन मिलिमीटरच्या पट्ट्यात योग्य बिंदू शोधण्यात आहे. बहुतेक वेळा हा बिंदू घट्ट हिरडी जिथे संपते त्या रेषेलगतच सापडतो.

खुर्चीवर प्रत्यक्ष काय होतं ते सांगते. आधी जागेचा एक छोटा एक्स-रे घेतात. मुळं फार जवळ असतील तर तारेने ती थोडी दूर करून घेतात आणि मग स्क्रू लावतात. तुमच्या डॉक्टरांनी 'आधी दोन-तीन महिने तारा, मग स्क्रू' असं सांगितलं असेल तर कारण बहुधा हेच. हिरडीला जेल लावून भुलीचं अगदी थोडं इंजेक्शन देतात, दात काढताना देतात त्याच्या निम्म्याहूनही कमी. हे थोडं असणं मुद्दाम असतं. हिरडी आणि हाडावरचं आवरण बधिर होतं, पण मूळ आणि हाड यांच्यामधला तंतूंचा पातळ थर जागा राहतो. स्क्रू मुळाच्या फार जवळ गेला तर तुम्हाला दाताशी कळ जाणवते आणि तुम्ही हात वर करता. माझ्या रुग्णांना मी आधीच सांगून ठेवते की दाब जाणवणार, तो सहन करा. पण दातात कळ आली तर लगेच हात वर करा, धीर दाखवायचा नाही. तुमच्या त्या एका इशाऱ्यावर माझा भरवसा असतो.

स्क्रू हातानेच फिरवते, अगदी सावकाश. पहिल्या दोन-तीन फेऱ्यांत बोटांना कडक थर लागतो, आटे धरतात. मग हलकासा कोन देऊन पुढे जाते. कडक थर पार झाला की विरोध किंचित कमी होतो आणि नंतर शेवटपर्यंत एकसारखा वाढत जातो. मध्येच विरोध एकदम वाढला आणि स्क्रू पुढेच सरकेना, तर समोर मूळ आहे असं समजून थांबायचं, उलटा फिरवून काढायचा आणि दिशा बदलायची. हट्टाने जोर लावला की मूळ दुखावतं किंवा स्क्रू तुटतो. बसवल्यावर चिमट्याने धरून हलवून बघते, पुन्हा एक एक्स-रे काढते, आणि त्या दातावर हळूच ठोकून शेजारच्या दातासारखाच आवाज येतो का ते ऐकते. एका स्क्रूला पाच ते दहा मिनिटं पुरतात.

आणि तरीही मुळाला ओरखडा गेलाच तर? स्क्रू लगेच काढला आणि दाताची नस दुखावलेली नसेल, तर मुळाच्या बाहेरच्या थराची इजा पुढच्या काही महिन्यांत आपोआप भरून येते. धोका तेव्हा असतो जेव्हा मुळाला टेकलेला स्क्रू तसाच ठेवला जातो. चावताना दात हाडात अगदी सूक्ष्म हलत असतो, तो प्रत्येक वेळी स्क्रूला धक्का देतो, आणि असा स्क्रू लवकर सैल होतो. म्हणूनच नंतर चावताना शेजारचा दात सतत दुखत असेल किंवा थंडाने झिणझिणत असेल, तर पुढच्या तारखेची वाट न बघता दाखवायला जा.

सैल होण्याबद्दल. मावसभावाच्या बाबतीत जे झालं ते दुर्मिळ नाही. आजवरच्या अभ्यासांची एकत्र आकडेवारी पाहिली तर शंभरातले साधारण १३ ते १४ स्क्रू काम पूर्ण होण्याआधी सैल होतात. टाळूत लावलेले स्क्रू त्या मानाने चांगले टिकतात, खालच्या जबड्यातले जास्त निघतात. हे ऐकून लोकांना नवल वाटतं, कारण खालचं हाड जास्त कडक. पण कडकपणाच तिथे नडतो. आटे शिरताना हाडावर फार ताण आला किंवा घर्षणाने ते तापलं, तर स्क्रूभोवतीच्या हाडाच्या पेशी मरतात. त्या दिवशी स्क्रू कमालीचा घट्ट वाटतो आणि महिन्याभराने डुगडुगायला लागतो. त्यात खाली घट्ट हिरडीची पट्टीही अरुंद. म्हणून खालच्या कडक हाडात आधी बारीक ड्रिलने वाट करून, सलाइनच्या पाण्याने थंड ठेवत स्क्रू लावणं बरं.

पहिल्या दिवशी स्क्रू टिकतो तो निव्वळ आट्यांच्या पकडीवर. नंतर हाड त्याच्याभोवती नव्याने घडतं. या दोन टप्प्यांच्या मध्ये, साधारण दुसऱ्या ते चौथ्या आठवड्यात, जुनी पकड कमी झालेली असते आणि नवी पूर्ण आलेली नसते. निघणारे बरेचसे स्क्रू सुरुवातीच्या या काळातच निघतात. तेव्हा जीभ किंवा बोट लावून 'घट्ट आहे ना' हे बघत बसू नका. सवयीने तसं करणारे पुष्कळ असतात आणि त्या ढकलण्याने नुकसान होतं. ओढ मात्र पहिल्या दिवसापासून हलकी दिली तरी चालते. ५० ते १०० ग्रॅमने सुरुवात करून पुढे प्रत्येक बाजूला १५० ते २०० ग्रॅम पुरते.

स्क्रू सैल झाला तर ती तातडीची बाब नाही. स्वतः पिळून घट्ट करू नका. फोन करा, डॉक्टर तो काढतील. शेजारी दुसरी जागा असेल तर त्याच दिवशी नवा लावता येतो. त्याच जागी लावायचा असेल तर हाड भरेपर्यंत काही आठवडे थांबावं लागतं. झोपेत किंवा खाताना निघून गिळला गेला तर बहुतेक वेळा काही त्रास न होता शौचावाटे निघून जातो, तरी डॉक्टरांना कळवा. गिळल्यानंतर खोकला लागला, दम लागला तर मात्र सरळ रुग्णालय गाठा, कारण तो श्वासनलिकेत गेलेला असू शकतो. आणि तोच स्क्रू त्याच बाजूला दुसऱ्यांदा निघाला तर मी तिसऱ्यांदा तिथे लावत नाही. जागाच बदलते. गालाच्या हाडाचा कणा दाढांच्या वर जिथे उतरतो तिथे २ मिलिमीटर जाडीचे, १२ मिलिमीटर लांबीचे स्क्रू मुळांच्या बाहेरच्या बाजूने लावता येतात. टाळूचा पर्याय असतोच. तुमच्या मावसभावाच्या डॉक्टरांना हे जरूर विचारायला सांगा.

आता मघाशी म्हटलं त्या मुद्द्याकडे येते.

जमिनीत पुरलेला बांबू वरच्या टोकाला दोरी बांधून ओढला तर तो कलंडतो. पूर्ण बांबू उभाच्या उभा सरकवायचा तर जमिनीच्या आतल्या भागापाशी जोर लावावा लागेल. दाताचंही तसंच. त्याचा बराचसा भाग हाडात असतो आणि ज्या बिंदूतून ओढ गेली तर दात न कलंडता सरकेल तो बिंदू मुळाच्या भागात, हिरडीच्या वर असतो. आपली तार मात्र दातावर, खाली. म्हणून सुळ्याच्या पुढे तारेवर एक उभा हूक बसवतात आणि स्प्रिंग त्या हुकाच्या टोकापासून स्क्रूपर्यंत लावतात. हूक आखूड असेल तर दात आत कलंडतात. हूक उंच असेल तर ओढ त्या बिंदूच्या जवळून जाते आणि मुळंही सोबत मागे येतात.

हे मी पुस्तकात वाचलं होतं, पण शिकले एका रुग्णाकडून. सुरुवातीची वर्षं होती. दोन्ही स्क्रू पहिल्या दिवसापासून पक्के बसले आणि मी खूश होते. दर महिन्याला मी स्क्रू हलवून बघायचे, फट किती उरली ते मोजायचे आणि पुढची तारीख द्यायचे. हूक आखूड होता, तार जरा लवचीक होती. नऊ महिन्यांत फट बंद झाली. तेव्हा बाजूने घेतलेल्या एक्स-रेमध्ये दिसलं की दातांची टोकं भरपूर मागे आली होती, मुळं मात्र जवळजवळ होती तिथेच राहिली होती. वरचे दात आत कलंडले, लांब दिसायला लागले आणि खालच्या दातांना झाकून टाकायला लागले. ती मुळं जागेवर आणायला मला आणखी आठ महिने लागले, आणि ते आठ महिने त्या मुलीने माझ्या चुकीसाठी सोसले. मी तिला तसं स्पष्ट सांगितलंही. तेव्हापासून दर भेटीला मी आधी पुढच्या दातांचा कल बघते, मग दोन्ही बाजूंचे मागचे दात एकमेकांना टेकतात का ते बघते, आणि स्क्रू शेवटी.

मागचे दात का, तर स्क्रू उंचावर असतो आणि तार खाली, त्यामुळे ओढ मागे जाताना थोडी वरही जाते. हसताना हिरडी जास्त दिसणाऱ्यांना याचा फायदा होतो. पण तार ब्रॅकेटमध्ये, म्हणजे दातावर चिकटवलेल्या तार धरणाऱ्या तुकड्यात, अडकत असेल तर अख्खी दंतपंक्तीच फिरते आणि दाढा वर उचलल्या जाऊन खालच्या दाढांना टेकेनाशा होतात.

दुसरी एक गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते आणि तिच्यावर पुरेसं बोललं जात नाही. पूर्वी दाढा पुढे यायच्या, त्यामुळे पुढचे दात किती मागे जातील याला आपोआप एक मर्यादा होती. स्क्रूने ती काढून टाकली. पण पुढच्या दातांच्या मागचं, टाळूकडचं हाड तेवढंच आहे. काहींमध्ये ते फार पातळ असतं. मूळ त्या कडक भिंतीला टेकल्यावरही ओढत राहिलं तर मूळ झिजून आखूड होतं किंवा हाडाच्या बाहेर डोकावतं. शिवाय ओठांना आतून दातांचाच आधार असतो. दात गरजेपेक्षा जास्त मागे नेले तर ओठ चपटे दिसतात, आणि वय वाढेल तसं ते आणखी जाणवतं. म्हणून स्क्रू मिळाला म्हणून सात मिलिमीटर मागे नेलेच पाहिजेत असं नाही. तुमच्या डॉक्टरांना विचारा: माझे दात किती मिलिमीटर मागे न्यायचे ठरवलेत, मागे तेवढं हाड आहे का, आणि कलंडू नयेत म्हणून काय करणार? ज्यांनी आखणी नीट केलीय त्यांना हा प्रश्न आवडतो. बाजूचा एक्स-रे समोर धरून ते पाच मिनिटांत दाखवू शकतील.

स्क्रूने उपचार लवकर संपतात असंही लोक समजतात. दात हाडातून सरकण्याचा वेग शरीर ठरवतं, महिन्याला साधारण एक मिलिमीटर किंवा त्याहून कमी. स्क्रूमुळे मिळालेला प्रत्येक मिलिमीटर हव्या त्या बाजूला वापरला जातो, एवढंच. आणि स्क्रू स्वतःसुद्धा शंभर टक्के स्थिर नसतो. २००४ मध्ये एरिक लिऊ आणि सहकाऱ्यांनी १६ प्रौढ रुग्णांमध्ये मोजून पाहिलं तेव्हा ७ जणांचे स्क्रू सैल न होताही काही अंशी सरकलेले किंवा कललेले आढळले. म्हणून आम्ही स्क्रू आणि मूळ यांच्यात जागा ठेवतो.

पुढचे दात मागे नेणं हा स्क्रूचा सगळ्यात जास्त होणारा उपयोग. पण स्क्रूमुळे काही रुग्णांचं नशीबच बदललं ते वेगळ्या कारणाने. ज्यांचे पुढचे दात मिटतच नाहीत, समोरून घास तोडता येत नाही, अशांच्या दाढा स्क्रूने किंवा छोट्या धातूच्या पट्टीने दोन-तीन मिलिमीटर वर दाबल्या की खालचा जबडा फिरून वर येतो आणि समोरची फट बंद होते. दाढा एक मिलिमीटर वर गेल्या तर पुढे साधारण दोन-तीन मिलिमीटर फट मिटते. पूर्वी यातल्या अनेकांना जबड्याच्या शस्त्रक्रियेशिवाय पर्याय नव्हता. काही प्रमाणात दाढा परत खाली येतात, ते धरूनच आखणी करावी लागते. याशिवाय खालचा जोडीचा दात नसल्याने लांब उतरलेली एकटी दाढ वर बसवणं, पडलेल्या दाढेच्या जागेत मागची दाढ पुढे आणणं, प्रौढांचा टाळू रुंद करणं, हेही स्क्रूच्या आधाराने होतं. जबड्यांच्या आकारातच मोठा फरक असेल तर मात्र स्क्रूने शस्त्रक्रिया टळेल असं कोणी म्हणालं तरी दुसरं मत घ्या.

स्क्रू लावण्याआधी काही गोष्टी डॉक्टरांपासून लपवू नका. हाडं ठिसूळ होण्यावरची औषधं, विशेषतः बिस्फॉस्फोनेट गटातली, घेत असाल किंवा घेतली असतील, जबड्याला रेडिएशन झालं असेल, मधुमेह आटोक्यात नसेल, तर आधी सांगा. दिवसाला दहापेक्षा जास्त सिगारेट ओढणाऱ्यांचे स्क्रू स्पष्टपणे जास्त सैल होतात. निकेलची ॲलर्जी असेल तर टायटॅनियमचा स्क्रू चालतो, पण स्टीलचा स्क्रू आणि निकेल-टायटॅनियमची स्प्रिंग यांचा विचार करावा लागतो. हिरड्यांतून रक्त येत असेल तर आधी हिरड्यांचा उपचार, मग बाकी सगळं.

दुखण्याबद्दल माझ्या रुग्णांचं बोलणं जवळपास सारखं असतं: दात काढण्यापेक्षा पुष्कळ सोपं होतं. भूल उतरल्यावर एक-दोन दिवस ठणकतं, साध्या पॅरासिटामॉलने भागतं. गालाला टोचत असेल तर स्क्रूच्या डोक्यावर ऑर्थोचं मेण लावा. पहिल्या दिवसापासून मऊ, छोट्या डोक्याच्या ब्रशने स्क्रूभोवती हळूच फिरवून स्वच्छता करा. घाबरून तिथे ब्रशच न लावणं ही नेहमीची चूक, आणि तिथूनच सूज सुरू होते. क्लोरहेक्झिडिनचं माउथवॉश सांगितलं असेल तर एक-दोन आठवडेच, जास्त दिवस वापरलं की दातांवर तपकिरी डाग पडतात. इलेक्ट्रिक ब्रशचं थरथरणारं टोक थेट स्क्रूवर टेकवू नका.

आणि काढताना. बहुतेकांना इंजेक्शन लागत नाही. हिरडी स्क्रूवर चढली नसेल तर जेल लावून किंवा तसाच, उलटा फिरवून मिनिटभरात निघतो. दाब जाणवतो, दुखत नाही. क्वचित एखादा हाडाने घट्ट धरलेला असतो. तेव्हा जोर न लावता किंचित फिरवून सोडून देते आणि काही दिवसांनी पुन्हा बोलावते, तोवर पकड सुटलेली असते. फार क्वचित स्क्रू आतच तुटतो. त्या वेळी त्रास देण्याच्या जागी असेल तर छोट्या शस्त्रक्रियेने काढतात, नाहीतर तुम्हाला सांगून, नोंद करून आत ठेवतात. स्क्रू निघाल्यावर थेंबभर रक्त येतं, कापूस दाबला की थांबतं. टाका लागत नाही. हिरडीवरचं छिद्र काही दिवसांत मिटतं, आतलं हाड त्यानंतर काही महिन्यांत भरून येतं.